डाव्या हाताचा टाका

आमच्या आत्याच्या गोधड्या आता लोक भिंतीवर लावतात. पांघरायची वस्तू भिंतीला कशासाठी टांगायची, हे आत्याला अजून पटलेलं नाही. "भिंतीला थंडी वाजते का?" असं तिनं प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंना तोंडावर विचारलं. त्या हसल्या, त्यांना ती गंमत वाटली. मी शेजारीच उभी होते आणि ती गंमत करत नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याच प्रदर्शनात एक गृहस्थ गोधडीला जवळजवळ नाक लावून उभे होते. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. आत्याच्या जुन्या गोधड्यांत टाका सरळ जातो, एका रेषेत, शिस्तीत. नंतरच्या गोधड्यांत दोन्ही कडांकडून टाके निघतात आणि मधोमध येईपर्यंत एकमेकांकडे कलतात. "ही कल्पना तुम्हाला कुठून सुचली?" त्यांनी विचारलं. "शेजारणीकडून," आत्या म्हणाली आणि चहा कुठे मिळतो ते बघायला निघून गेली. त्या एका शब्दामागे जे आहे ते ती कुणाला सांगायची नाही. मी सांगते, कारण मी तिथं होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी ती कपड्यांच्या कारखान्यात कापणीला होती. कारखाना बंद पडला त्या दिवशी बाकीचे फाटकापाशी घोषणा देत बसले आणि ही मागच्या दारानं कातरणांचं पोतं पाठीवर टाकून घरी आली. तेव्हापासून ती गोधड्याच शिवतेय. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणते, "पलंगावर जागा कुठंय?" आणि ते खरंच आहे. तिच्या पलंगावर भिंतीला टेकून रंगांचे ढीग असतात, ती आपली कडेला अंग चोरून झोपते.

मी टपाल कचेरीत काम करते. संध्याकाळी घरी जाताना तिच्याकडे वर चढून तिला सुया ओवून देते, कारण गोधडीवरचा टाका तिला लांबून दिसतो पण सुईचं नेढं दिसत नाही. ती मला टपालबाई म्हणते. मी सहजासहजी कुणाचं कौतुक करणारी नाही, उलट घरात माझी ख्याती चुका काढणारी म्हणूनच आहे. पण आत्याला काम करताना बघितलं की माझं तोंड आपोआप बंद होतं.

ती तुकडे जमिनीवर पसरते, स्वतः खुर्चीवर चढते, डोळे अर्धे मिटते आणि मला हुकूम सोडते. "तो निळा फार बोलतोय, त्याला कोपऱ्यात बसव. त्या पिवळ्याला सोबत दे कुणाची तरी." वर्गातली पोरं असावीत तशी ती रंगांशी बोलते. एकदा तिनं मला एक मळकट राखाडी तुकडा बोटभर डावीकडे सरकवायला सांगितलं. आता बोटभरानं काय होणार, असं पुटपुटत मी तो सरकवला आणि उभी राहिले, तर सगळी जमीन उजळलेली. बाकीचे रंग जागच्या जागी होते, पण आता एकमेकांना ओळखत होते. हे माझ्याच हातून झालं होतं आणि मी काय केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

तिला नवं कापड चालत नाही. नव्या कापडाला काही सांगायचं नसतं, असं तिचं म्हणणं. वापरून विरलेलं, कोपरापाशी झिजलेलं कापड ती गालाजवळच्या बाजूला लावते आणि राठ असेल ते पायांकडे. रस्त्यात एखाद्याचा विटका शर्ट आवडला तर त्याला थांबवून विचारते, "हा टाकणार कधी?" माझी मान खाली जाते. पण कितीतरी लोकांनी पुढे आठवणीनं तो शर्ट आणून दिलाय.

आणि तिचा एक नियम आहे, आजवर एकदाच मोडलेला. कुठलंही कापड गोधडीत जायच्या आधी पाण्यात भिजायलाच हवं. ओल्या कापडावर ती एक पांढरं फडकं दाबते, दोन्ही तळहातांवर भार टाकून. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा मिठाच्या पाण्यात, पुन्हा फडकं, फडकं पांढरं निघेपर्यंत. त्या फडक्याला ती साक्षीदार म्हणते. "माणूस खोटं बोलेल, कापड खोटं बोलेल, साक्षीदार बोलायचा नाही." ते खिडकीत वाळत असतं, त्याच्यावर जुन्या रंगांचे डाग एकावर एक पडलेले असतात, आणि खरं सांगायचं तर भिंतीवर लावायचंच असेल तर मी ते लावलं असतं.

आत्याच्या खोल्यांखाली टेलरमास्तरांचं दुकान आहे आणि जिन्याच्या पलीकडे त्यांचं घर. मास्तर शिवायचे, आणि काजं करणं, बटणं लावणं, हातानं तुरपाई करणं ही सगळी कामं त्यांची बायको आतल्या खोलीत पडद्यामागे बसून करायची. गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. तयार शर्ट बाहेर आला की मास्तर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता, प्रत्येक काजावरून आणि तुरपाईवरून अंगठा फिरवायचे. अंगठा अडला नाही की शर्ट घडी घालून द्यायचे. सगळं आयुष्य हे असंच चाललं होतं.

आत्याचं आणि काजवालीचं भांडण नव्हतं, पण आत्या नाकावर माशी बसू देत नाही. दुसऱ्याचा टाका बघितला की तिला नाव ठेवल्याशिवाय राहवत नाही. जिन्यात उभी राहून ती ऐकवायची, "वहिनी, तुमचा टाका कुठल्या गावाला निघालाय? सगळा उलटाच कललाय!" आतून काजवालीचा आवाज यायचा, "तुमचा शिस्तीचा हो ताई. आमचा घाईचा." आणि दोघी हसायच्या.

मग काजवाली गेली. आजार थोडक्यातच उरकला. काही आठवड्यांनी मास्तर एक गाठोडं घेऊन वर आले. त्यात तिचे झगे होते, घरात घालायचे गाऊन, एप्रन, पांढरे रुमाल, आणि एक लाल झगा, जो ती कुठं बाहेर जायचं असलं तरच घालायची.

"ताई, याची गोधडी करा," मास्तर म्हणाले. "पण एक विनंती आहे. धुऊ नका."

आत्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता गाठोडं जिन्यावरून खाली जाणार.

"तिचा वास आहे त्यात," ते म्हणाले. "दुसरं काही राहिलं नाही माझ्याकडे."

मी आत्याला ओळखते. तिच्या नियमापुढे तिनं सख्ख्या भावाचं ऐकलेलं नाही. पण मास्तर गाठोडं छातीशी धरून उभे होते आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण मास्तर, या गोधडीला पाणी लावायचं नाही. कधीच. ऊन दाखवा, झटका, बस."

गोधडी देखणी झाली. कडेच्या जाड तुरपाया तिनं कापून बाजूला ठेवल्या, कारण तिथं सुई अडते, आणि सगळा मऊ मऊ भाग घेतला. मधोमध लाल, भोवती पांढरं. मास्तर ती पांघरून झोपायला लागले आणि चार माणसांत बसायलाही लागले.

मग त्यांची लेक राहायला आली, सोबत तिची मुलगी. या नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आजीची गोधडी बघून भिंगरीनं हट्ट धरला की मी हीच घेणार. मास्तरांनी कौतुकानं दिली. पाण्याची गोष्ट लेकीला सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. लहान पोरं करतात ते भिंगरीनं केलं. सकाळी लेकीनं गोधडी ओली बघितली आणि बाबांच्या लक्षात यायच्या आत धुऊन टाकावी म्हणून टबात गरम पाणी काढलं, साबण घातला आणि गोधडी बुडवली.

त्या दिवशी मी कामावर जाताना आत्याकडे डोकावून निघाले होते, जिन्यातच होते. मास्तर दारात आले. टबातलं पाणी लालभडक झालं होतं. ज्या माणसाचा आवाज दुकानाबाहेर कधी ऐकू आला नाही तो माणूस ओरडला, "तुझ्या आईला बुडवलंस तू! टबात बुडवलंस!" मग नातीकडे वळून म्हणाले, "आणि तू! पुन्हा हात लावशील तर बघ!"

भिंगरीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. रडली नाही. फक्त हात मागे घेतले आणि तशीच उभी राहिली. लेक त्याच दिवशी तिला घेऊन गेली आणि मग यायची थांबली. मास्तरांनी दुकान उघडलं खरं, पण गिऱ्हाइकाशी बोलेनात. शर्टावर अंगठा फिरवेनात.

आत्या आणि मी ती ओली गोधडी दोघींनी धरून वर आणली. वाळल्यावर आत्यानं ती सगळी उसवली, टाका न टाका. पांढरे रुमाल गुलाबी झाले होते, कुठं गडद, कुठं फिके. लाल झगा विटला होता. तिनं एक तुकडा नाकाशी धरला आणि खाली ठेवला. साबणाचा वास.

"नियम माझा होता आणि मोडला मी," ती म्हणाली. "रंग गेला, वास गेला. आता यात तिचं काय राहिलंय, सांग मला."

काहीच राहिलं नव्हतं, असं माझं मत होतं.

त्यानंतर आत्या नुसती बसून राहायची. मी सुया ओवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्या तशाच असायच्या. हे मी जन्मात बघितलं नव्हतं. तिला ताप असताना ती शिवायची, माझे आजोबा वारले तेव्हाही तिच्या हातात सुई होती. मी घाबरले. मास्तरांची गोधडी गेली तर गेली, पण इथं माझी आत्या चालली होती. मधेच एकदा ती माझ्यावरच खेकसली, "बायकोच्या कपड्यांपायी त्या माणसानं जिवंत पोर घालवली, आणि ते कपडे बिघडवले मी!" तेव्हा मला कळलं की तिला खुपतंय ते कापड नव्हतं.

एका संध्याकाळी मी गेले तर ती पलंगाखालून कातरणांचं बोचकं ओढून बसली होती. काजवालीच्या कपड्यांच्या कापून ठेवलेल्या, तिनं स्वतः तुरपलेल्या कडा आत्याच्या मांडीवर होत्या. तिनं काहीच कधी टाकलेलं नाही. एक पांढरी पट्टी घेऊन ती तुरपाईवरून अंगठा फिरवत होती, मास्तरांसारखा.

"इकडे ये. टाका कुणीकडे कललाय?"

"उलटा. तूच तर म्हणायचीस."

"अगं, उलटा नाहीये हा." तिनं पट्टी डाव्या हातात धरली, मग उजव्या, हवेतच सुई चालवून बघितली. आणि तिचा चेहरा असा झाला की मी पिशवी खाली टाकली. "ही बाई डावरी होती! माझ्या हातानं तिचा टाका बघत बसले मी इतकी वर्षं. तिच्या हातानं बघ, सरळ आहे. सगळा सरळ आहे!"

मग आत्या ती पट्टी वाचायला लागली. मला दुसरा शब्द सापडत नाही. मी दिवसभर पत्ते बघते, अक्षर बघून हात ओळखते, त्यामुळे वाचणं म्हणजे काय ते मला कळतं. "इथं टाके लांब लांब पडलेत, घाई होती. इथं बघ, एकदम थांबली, दोरा तसाच ठेवून उठली, परत आल्यावर गाठ मारून पुढे गेली. पोर रडली असणार. आणि इथं किती बारीक! इथं झोपली होती पोर. घरात कुणी नव्हतं. मजेत बसलीये बाई." आत्याचा अंगठा कापडावरून चालला होता आणि एका पडद्यामागच्या खोलीतलं सगळं आयुष्य माझ्यासमोर उलगडत होतं. ज्या बाईच्या घरावरून मी रोज गेले तिला मी तेव्हा पहिल्यांदा भेटले.

"राहिलंय," आत्या म्हणाली. "हे राहिलंय तिचं." आणि तिनं सुई डाव्या हातात घेतली.

तिचा टाका म्हणजे तिचा अभिमान. लोक गोधडीचा कोपरा बघून सांगतात की ही तुमच्या आत्याची. तो टाका बाजूला ठेवून ही बाई या वयात डाव्या हातानं तुरपाई शिकायला बसली. पहिले काही दिवस माझं शाळेतलं शिवणकाम बरं म्हणावं असं काम झालं. बोटं टोचून घ्यायची, स्वतःलाच शिव्या घालायची, उसवायची, परत. समोर काजवालीची पट्टी ठेवलेली. हळूहळू टाका मोठा-लहान न होता पडायला लागला, मग कलायला लागला, आणि मग तिनं मला उठवून उभं केलं की यात माझा कुठला आणि तिचा कुठला ते दाखव. मी चुकले. चुका काढण्यात जिचा हात कुणी धरत नाही, ती मी चुकले. तेव्हापासून तिच्या प्रत्येक गोधडीत एका कडेनं उजवा हात निघतो आणि दुसऱ्या कडेनं डावा.

या वेळी साक्षीदाराला विचारल्याशिवाय काही पुढे गेलं नाही. प्रत्येक तुकडा, प्रत्येक कड भिजली, दाबली, पुन्हा भिजली. गुलाबी झालेलं पांढरं तिनं पांढरं करायचा प्रयत्नच केला नाही. लाल जसा पसरत गेला होता त्याच क्रमानं तिनं तुकडे मांडले, मधोमध विटका लाल, मग गडद गुलाबी, मग फिका, मग कडेला जिथं रंग पोचलाच नव्हता तिथं पांढरा. आधी कापून काढलेल्या सगळ्या तुरपाया तिनं वर आणल्या, दिसतील अशा, हाताला लागतील अशा. जिथं काजवालीची तुरपाई संपत होती तिथूनच, त्याच हातानं, आत्याचा टाका पुढे निघत होता. खुर्चीवर न चढता, मला तुकडे सरकवायला न लावता तिनं हे सगळं केलं, आणि मी दारात उभी राहून नुसती बघत होते. माणसाच्या हातून असं काही होऊ शकतं, यावर माझा आधी विश्वास नव्हता.

एकच कड तिनं भिजवली नाही, लाल झग्याची. ती तिनं झाकणाच्या छोट्या बरणीत घालून ठेवली.

तयार झाल्यावर तिनं मला मास्तरांच्या लेकीकडे पाठवलं. "सांग, आत्यानं बोलावलंय. पोरीला घेऊन. नाही म्हणाली तर मी येऊन दारात बसेन." लेक आली. मास्तरही वर आले, आणि बापलेक दोन भिंतींना टेकून उभे राहिले. भिंगरी आईच्या मागे.

आत्यानं आधी मास्तरांच्या हातात बरणी दिली. "ही गोधडीत नाही. हिला पाणी लागलेलं नाही. जपून उघडा." मास्तरांनी झाकण थोडंसं उघडलं, लगेच लावलं, आणि बरणी खिशात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

मग तिनं गोधडी पसरली. मास्तर गुडघ्यावर बसले. त्यांचा अंगठा आपोआप पुढे आला आणि एका पांढऱ्या कडेवरून चालायला लागला. तुरपाईवरून जोडावर, जोडावरून पुढच्या तुकड्यावर, गुलाबीवरून लालाकडे. कुठं अडला नाही. ते आत्याकडे बघून म्हणाले, "ताई, ती कुठवर आहे?"

आत्यानं तोंड उघडलं.

"नको," मास्तर म्हणाले. "सांगू नका."

मास्तरांनी डोळे पुसले आणि नातीला हाक मारली, "ये, भिंगरी. आजीची गोधडी बघ." भिंगरी आईच्या मागून बाहेर आली, गोधडीच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. "घे की गं," मास्तर म्हणाले. तिनं मान हलवली.

मास्तरांनी ते हात बघितले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला तो बघवेना. ते उठले, टेबलावरचा पाण्याचा भरलेला पेला उचलला आणि तो सगळाच्या सगळा गोधडीच्या मधोमध, लालावर, ओतला.

"बाबा!" लेक ओरडली. आत्या हलली नाही, पण तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मी ओरडायची राहिले.

मास्तरांनी खिडकीतलं साक्षीदार फडकं काढलं, त्याचा एक पांढरा कोपरा शोधला, ओल्या लालावर ठेवला आणि दोन्ही तळहातांवर भार देऊन दाबला. बराच वेळ दाबून धरला. मग उचलून नातीसमोर धरला. कोपरा ओला होता, आणि पांढरा.

"आता रंग जात नाही?" भिंगरीनं विचारलं.

"नाही जात."

"मी ओली केली तरी?"

"तरी. चुकलं माझं, बाळा."

भिंगरीनं हात पुढे आणले. पण गोधडी नाही घेतली, आजोबांच्या हातातलं फडकं घेतलं. लालावर ठेवलं, आपले दोन्ही छोटे तळहात त्यावर टेकवले आणि सगळं अंग टाकून दाबलं. मग उचलून, उलटून, उजेडात धरून नीट बघितलं.

"शाबास," आत्या म्हणाली. "कुणाच्या शब्दावर जायचं नाही."

मग भिंगरी तिथंच, ओल्या जागेवर, गोधडीत जाऊन बसली आणि ती तिनं डोक्यावरून ओढून घेतली. आतून तिचा आवाज आला, आजोबांनाही आत जागा आहे म्हणून.